पहिल्याच वर्षी चव्हाट्यावर: कॅम न्यूटनच्या प्रतिमेचं प्रकरण, २०११

पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी आधी क्वार्टरबॅकचं काम सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा गदारोळ कळणार नाही. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू सर्वात आधी या माणसाच्या हातात येतो. कोचचा आदेश हेल्मेटमधल्या छोट्या रेडिओवर ऐकायचा, भोवती कोंडाळं करून उभ्या असलेल्या दहा जणांना तो न चुकता सांगायचा, समोरच्या बचावाची मांडणी पाहून गरज पडलीच तर जागच्या जागी चाल बदलायची, आणि मग अंगावर धावून येणारे धिप्पाड गडी पोचायच्या आत चेंडू फेकायचा. संघ जिंकला की पहिला फोटो याचा, हरला की खापर याच्या डोक्यावर. त्यामुळे संघमालक क्वार्टरबॅक निवडतात तेव्हा हात आणि पाय बघतातच, पण या माणसाला शहरापुढे उभं करता येईल का, हेही बघतात. माझ्या मते ही दुसरी पारख फार क्वचित प्रामाणिकपणे होते. म्हणूनच हे प्रकरण तपशिलात लिहावंसं वाटलं.

यातले खेळाडू, कोच आणि मालक सार्वजनिक जीवनातले आहेत, म्हणून त्यांची नावं दिली आहेत. टीका करणारे पत्रकार व जाणकार आणि खाजगी माणसं यांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

संघ होता नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा कॅरोलायना पँथर्स. २०१० च्या हंगामात १६ पैकी २ सामने जिंकले, १४ हरले. अख्ख्या हंगामात फक्त १९६ गुण, म्हणजे ३२ संघांत सगळ्यात कमी. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये संघ कॉलेजातले नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात आणि तळाच्या संघाला पहिली निवड मिळते, ती पँथर्सना मिळाली. बहुतेकांच्या नजरेत पहिला मान स्टॅनफर्डच्या अँड्र्यू लकचा होता. पण जानेवारी २०११ मध्ये त्याने आणखी एक वर्ष कॉलेजमध्येच राहायचं ठरवलं. पँथर्सचे कोच रॉन रिव्हेराही नवेच, मुख्य कोच म्हणून त्यांची ही पहिलीच नोकरी.

आता खेळाडू. कॅम न्यूटन, अटलांटाच्या बाजूचा, वडील धर्मोपदेशक. उंची साडेसहा फुटांच्या थोडी आत, वजन ११० किलोच्या पुढे, आणि तरी पळण्यात भल्याभल्यांना मागे टाकणारा. फ्लोरिडा विद्यापीठात तो राखीव क्वार्टरबॅक होता. तिथे २००८ मध्ये चोरीच्या लॅपटॉपच्या प्रकरणात त्याला अटक झाली. कोर्टाने आखून दिलेला सुधारणा कार्यक्रम पूर्ण केल्यावर आरोप मागे घेतले गेले. २००९ मध्ये तो टेक्सासमधल्या ब्लिन या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात गेला आणि त्यांना त्या स्तरावरचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. तिथून अलाबामातलं ऑबर्न विद्यापीठ. २०१० मध्ये ऑबर्नने १४ पैकी १४ सामने जिंकले, राष्ट्रीय अंतिम सामन्यात ओरेगॉनला २२-१९ असं हरवलं, आणि न्यूटनला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाली. पण त्याच हंगामात वडिलांनी दुसऱ्या एका विद्यापीठाकडे मुलाच्या प्रवेशासाठी पैसे मागितल्याचं प्रकरण उघड झालं. कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएने डिसेंबरमध्ये निर्णय दिला: वडिलांनी नियम मोडला, पण मुलाला किंवा ऑबर्नला ते माहीत असल्याचा पुरावा नाही. न्यूटन खेळत राहिला आणि कुजबुजही चालू राहिली.

अडचण

फेब्रुवारी २०११ मध्ये एका राष्ट्रीय क्रीडा साप्ताहिकाशी बोलताना न्यूटन म्हणाला की, मी स्वतःकडे नुसता फुटबॉलपटू म्हणून बघत नाही, मनोरंजन करणारा आणि आयकॉन म्हणूनही बघतो. एनएफएलमध्ये एकही चाल न खेळलेला २१ वर्षांचा मुलगा आयकॉन शब्द वापरतो म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्याच सुमारास एका मोठ्या कपडे-बुटांच्या ब्रँडशी त्याचा नवख्या खेळाडूसाठी विक्रमी मानला गेलेला करार झाला होता, त्यामुळे वाक्याला आणखी धार आली.

इथे निर्णयाची पहिली जागा येते. महिनाअखेरीस इंडियानापोलिसला सगळे संघ नव्या मुलांची चाचणी घेतात. पत्रकारांसमोर बसल्यावर न्यूटनने प्रश्नांच्या आधीच एक तयार निवेदन केलं. त्याचा मथितार्थ असा: माझं पहिलं कर्तव्य उत्तम फुटबॉलपटू होणं हेच आहे, ते वाक्य जाहिरातीच्या कराराच्या संदर्भात होतं. सल्ला चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. गप्प बसला असता तर "उद्धट" म्हणाले असते. पण निवेदन घोटून केलेलं होतं आणि तसंच वाटलं. महिन्याभराने, मार्चच्या शेवटी, ड्राफ्टच्या तयारीत वाचल्या जाणाऱ्या एका नियतकालिकात त्याच्याबद्दलचा अहवाल छापून आला. त्यात त्याला कमालीचा अप्रामाणिक म्हटलं होतं, हसू खोटं, बोलणं पाठ केलेलं, स्वभाव स्वार्थी, अहंकार प्रचंड, कॅमेरा कुठे आहे हे याला नेहमी ठाऊक असतं आणि हा त्याच्यासाठीच वागतो. महिन्यापूर्वी जी मलमपट्टी केली, तीच आता "पाठ केलेलं बोलणं" या आरोपाला खतपाणी घालत होती.

त्या अहवालातला हसण्याबद्दलचा शब्द मला आजही खुपतो. फेकीतली चूक मोजता येते. दहा फेकींतल्या किती पोचल्या, पाय कुठे पडला, बचावाचा दुसरा गडी दिसला की नाही, हे सगळं चित्रफितीवर थांबवून दाखवता येतं. हसू खरं की खोटं हे कुठल्या चित्रफितीवर मोजणार? ज्याच्यावर असा आरोप होतो त्याला सुटकेची वाटच राहत नाही: हसला तर खोटा, न हसला तर माजोरी.

आणि हे सगळं गोऱ्या क्वार्टरबॅकबद्दल याच शब्दांत लिहिलं असतं का, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. विचारणारा माणूस ऐरागैरा नव्हता. वॉरन मून १९७८ मध्ये विद्यापीठातून बाहेर पडला तेव्हा एनएफएलच्या एकाही संघाने त्याला क्वार्टरबॅक म्हणून निवडलं नाही. तो कॅनडात गेला, तिथे एडमंटनकडून पाच अजिंक्यपदं जिंकली, मग परत येऊन इतका खेळला की २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. मून न्यूटनचा सल्लागार होता. या टीकेत वंशाचा भाग आहे, हे त्याने उघड सांगितलं. अनेकांनी ते कानाआड केलं. माझ्या मते मूनचं म्हणणं बरोबर होतं. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकांना या लीगने कित्येक दशकं "डोकं चालत नाही, जागा बदल" असं सांगितलं होतं. जुना संशय आता स्वभावाच्या भाषेत आला होता.

पण या गदारोळात एक खराखुरा, खेळाचा प्रश्न दबून गेला, आणि तो पँथर्ससाठी सगळ्यात महत्त्वाचा होता. ऑबर्नमध्ये चाली मैदानाच्या कडेवरून खुणा करून कळवल्या जात, नावं अगदी आखूड. एनएफएलमधली चाल म्हणजे लांबलचक वाक्य. कोण कुठे उभा राहणार, कोण सरकणार, अडवणूक कशी, कोण किती यार्डांवर वळणार, सगळं एका दमात. एप्रिलमध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात एका माजी कोचने त्याला तसं एक लांब वाक्य म्हणून दाखवलं आणि ऑबर्नमधलं असं काही सांग म्हटलं. न्यूटनकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं. प्रेक्षकांनी त्याचा अर्थ "डोकं नाही" असा घेतला. खरा अर्थ इतकाच होता, की याला ही भाषा अजून कोणी शिकवलेली नाही. शिकवायची कोणी आणि किती दिवसांत, हे पाहायला हवं होतं.

समोरचे पर्याय

पँथर्सपुढे ढोबळपणे तीन वाटा होत्या.

पहिली, क्वार्टरबॅक घ्यायचाच नाही. आदल्या वर्षी दुसऱ्या फेरीत त्यांनी जिमी क्लॉसनला घेतलं होतं. त्याला आणखी एक संधी द्यायची आणि पहिल्या निवडीत बचावाचा गडी घ्यायचा. त्या वर्षी वॉन मिलर, मार्सेल डॅरियस, पॅट्रिक पीटरसन यांच्यासारखे खेळाडू उपलब्ध होते. ही सगळ्यात कमी डोकेदुखीची वाट. पण १९६ गुणांवर आलेल्या संघाचं दुखणं बचावात नव्हतं.

दुसरी, कमी गाजावाजा झालेला क्वार्टरबॅक. मिझूरीच्या ब्लेन गॅबर्टवर कसलाच वाद नव्हता. दिसायला, बोलायला, वागायला लीगच्या जुन्या साच्यात बसणारा. पुढे त्याला दहाव्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलने घेतलं. हे नाव लक्षात ठेवा.

तिसरी, न्यूटन. या वाटेवर भीतीचं एक नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं: जमार्कस रसेल. २००७ ची पहिली निवड, न्यूटनसारखाच आडदांड देह, तोफेसारखा हात, आणि २०१० मध्ये संघाने त्याला सोडून दिलं. देह सारखा म्हणून माणूस सारखा, असा विचार तेव्हा सर्रास झाला. पैशांचं ओझंही वाटत होतं. २०१० च्या पहिल्या निवडीला, सॅम ब्रॅडफर्डला, ५ कोटी डॉलर हमीने मिळाले होते. (नंतर झालेल्या नव्या करारामुळे न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले, म्हणजे भीती अर्ध्याहून कमी किमतीत निभावली. पण ड्राफ्टच्या दिवशी हे नक्की झालेलं नव्हतं.)

संघाने त्याची स्वतंत्र चाचणी घेतली, मुलाखती घेतल्या. मालक जेरी रिचर्डसनही त्याला भेटले. ही भेट म्हणजे प्रकरणातला सगळ्यात बोलका तुकडा. रिचर्डसन स्वतः माजी खेळाडू, फास्ट-फूड रेस्टॉरंटांच्या साखळीतून मोठे झालेले, सुटाबुटातले जुने दक्षिणी गृहस्थ. पुढे ऑगस्टमध्ये एका टीव्ही मुलाखतीत ही भेट त्यांनी स्वतःच सांगितली. मुलगा अगदी व्यवस्थित कपडे घालून आला होता. त्यांनी विचारलं, "तुझ्या अंगावर टॅटू आहेत?" तो म्हणाला, "नाही सर." "कुठे काही टोचून घेतलंयस?" "नाही सर." मग ते म्हणाले की हे असंच राहू दे, आणि तुझे केस छान कापलेले आहेत.

आता हे त्याच संघात ठेवून बघा. त्याच वर्षी मार्चमध्ये पँथर्सने जेरेमी शॉकी नावाचा अनुभवी गडी घेतला, ज्याच्या दंडावर भलंमोठं टॅटू सगळ्या लीगला पाठ होतं. त्याच्या दंडाबद्दल मालकांनी टीव्हीवर काही सांगितलं नाही. शॉकी गोरा, आणि क्वार्टरबॅक नव्हता. यातल्या कुठल्या गोष्टीमुळे नियम वेगळा झाला, हे मालकांच्या मनात शिरून सांगता येणार नाही. पण न्यूटनच्या जागी बसून ऐकणाऱ्या तरुणाला तो प्रश्न पडल्यावाचून कसा राहील?

२८ एप्रिल २०११ ला पँथर्सने पहिल्या क्रमांकावर कॅम न्यूटनचं नाव घेतलं.

काय केलं

इथून पुढे संघाने जे केलं त्यातलं बरंचसं मला मनापासून आवडतं.

त्या वेळी लीगमध्ये टाळेबंदी चालू होती. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत पैशांवरून भांडण, १२ मार्चपासून मैदानं बंद, कोचना खेळाडूंशी बोलायलाही बंदी. ज्या मुलाला एक नवी भाषा शिकवायची, त्याच्याशीच बोलता येत नव्हतं. पण कोर्टाच्या एका आदेशाने ड्राफ्टच्या सुमारास ही टाळेबंदी काही काळासाठी उठली. वरच्या कोर्टाने स्थगिती देईपर्यंत जेमतेम एक दिवस मिळाला. न्यूटन ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी शार्लटला पोचला आणि त्या फटीत त्याच्या हातात प्लेबुक, म्हणजे संघाच्या चालींचं पुस्तक, पडलं. दारं पुन्हा बंद झाली, पण पुस्तक त्याच्याकडे होतं.

ते पुस्तक घेऊन तो फ्लोरिडात ब्रेडेंटनला ख्रिस वाइंकेकडे गेला. वाइंके हा पँथर्सचाच जुना क्वार्टरबॅक. तोही हाइझमन विजेता, आणि २००१ मध्ये १६ पैकी १५ सामने हरलेल्या याच संघाचा क्वार्टरबॅक. गाजावाजा करून आलेल्या नवख्याचं शार्लटमध्ये काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? उन्हाळाभर तालीम चालली. पाय कसे टाकायचे, चाल कशी मोठ्याने सांगायची. टाळेबंदी २५ जुलैला उठली तोवर बरेच नवखे कोरी पाटी घेऊन आले होते, आणि हा निदान बाराखडी गिरवून आला होता.

दुसरा निर्णय कोचांचा. आक्रमणाची जबाबदारी असलेले रॉब चुडझिन्स्की आणि क्वार्टरबॅकचे कोच माइक शूला यांना न्यूटनला जुन्या साच्यात कोंबता आलं असतं. तसं त्यांनी केलं नाही. ऑबर्नमध्ये तो ज्या पद्धतीने पळत आणि फेकत असे, त्यातल्या चाली त्यांनी आपल्या प्लेबुकात आणल्या. गोलरेषेजवळ गेल्यावर चेंडू घेऊन त्यानेच घुसायचं. ग्रेग ओल्सन आणि शॉकी हे दोन भरवशाचे झेलकरी आणले, म्हणजे घाईत कुठे फेकायचं याची नवख्याला चिंता नको. कित्येक महिने लोक हसण्याची चिकित्सा करत होते. कोचनी हातात घेतलेला प्रश्न मात्र "याला काय चांगलं जमतं?" हा होता.

तिसरा निर्णय वादाचा होता: पहिल्या सामन्यापासून खेळवायचं की वर्षभर बाकावर बसवायचं? सराव सामन्यांत त्याच्या निम्म्याहून जास्त फेकी वाया गेल्या होत्या. अनुभवी माणसाला पुढे करून याला आडोशाला ठेवण्याचा मोह रास्त ठरला असता. शिवाय तो बाकावर बसला असता तर टीकाकारांच्या तोंडी लागायलाही लागलं नसतं. रिव्हेरांनी त्यालाच उतरवलं. मला वाटतं, अशा प्रकरणात आडोसा घातक ठरतो. न खेळणाऱ्या माणसाबद्दल बोलायला उरतं ते फक्त त्याचं हसणं आणि कपडे.

चौथा निर्णय दिसायला छोटा, पण माझ्या लेखी सगळ्यात शहाणा. न्यूटन टचडाउन केल्यावर, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवल्यावर, छातीवरचा शर्ट फाडल्यासारखा हात करून सुपरमॅन व्हायचा. टीकाकार टपलेलेच होते, "बघा, कॅमेऱ्यासाठी". यावर संघ दोन गोष्टी करू शकला असता: ते बंद कर म्हणून सांगणं, किंवा दुर्लक्ष. शूलांनी तिसरंच सुचवलं. टचडाउन झाला की चेंडू प्रेक्षकांतल्या एखाद्या लहान मुलाला दे. न्यूटनने ते उचललं. सुपरमॅन झाल्यावर तो कठड्याकडे चालत जायचा, गर्दीत नजर फिरवायचा, मोठ्यांचे लांबलेले हात सोडून मागे कुठेतरी उभ्या असलेल्या पोराला शोधायचा आणि चेंडू त्याच्याच हातात ठेवायचा. तो चेंडू छातीशी दोन्ही हातांनी कवटाळलेली पोरं त्या वर्षांच्या छायाचित्रांत दिसतात. काही तर इतकी लहान, की चेंडूमागे तोंड अर्धं झाकलं जातं. त्याचा आनंद कोणी कापला नाही. तो कुठे न्यायचा, एवढं दाखवलं.

काय झालं

११ सप्टेंबर २०११, ॲरिझोना. पहिला सामना. ३७ पैकी २४ फेकी झेलल्या गेल्या, ४२२ यार्ड. पदार्पणात ४०० यार्ड ओलांडणारा तो पहिला क्वार्टरबॅक ठरला. संघ २१-२८ हरला. पुढच्या आठवड्यात गतविजेत्या ग्रीन बेविरुद्ध ४३२ यार्ड, सोबत तीन फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हातात, आणि पुन्हा हार. तिसऱ्या आठवड्यात घरच्या मैदानावर धो-धो पावसात पहिला विजय, १६-१०. समोर जॅक्सनव्हिल होतं आणि त्यांच्याकडून त्या दिवशी पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणारा क्वार्टरबॅक होता ब्लेन गॅबर्ट. वाद नसलेला पर्याय आणि वादग्रस्त पर्याय एकाच चिखलात उभे होते. त्या दिवशीचा खेळ दोघांचाही काही देखणा नव्हता. पण हंगाम संपला तेव्हा तुलना करायला कोणी धजलं नसतं.

न्यूटनचा हंगाम: ४,०५१ यार्ड फेकीचे. पेटन मॅनिंगचा १९९८ चा नवख्यांचा ३,७३९ चा विक्रम मागे पडला. फेकीवर २१ टचडाउन, १७ फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हातात. पळत जाऊन ७०६ यार्ड आणि १४ टचडाउन. क्वार्टरबॅकने एका हंगामात पळून केलेल्या टचडाउनचा १९७६ पासूनचा स्टीव्ह ग्रोगनचा १२ चा विक्रम त्याने डिसेंबरच्या सुरुवातीलाच मोडला. संघाचे गुण १९६ वरून ४०६. सामने ६ जिंकले, १० हरले. आक्रमणातला सर्वोत्तम नवखा हा पुरस्कार त्यालाच.

चौदा टचडाउन पळत जाऊन करणाऱ्या मुलाच्या हसण्याबद्दल पहिल्याइतक्या खात्रीने कोणी लिहीना. २०१५ मध्ये संघ १६ पैकी १५ सामने जिंकला आणि न्यूटन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने ऑबर्नची समाजशास्त्राची पदवीही पूर्ण केली. सुट्टीच्या काळात जाऊन वर्गात बसायचा.

आणि रिचर्डसन? कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन आणि एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याबद्दल वंशवाचक शब्द वापरल्याचे आरोप २०१७ च्या डिसेंबरमध्ये बाहेर आले. लीगने चौकशी करून २०१८ मध्ये त्यांना २७ लाख ५० हजार डॉलरचा दंड केला. संघ त्याच वर्षी विकला गेला. ज्यांनी २१ वर्षांच्या मुलाला टॅटूबद्दल विचारलं, त्यांच्या स्वतःच्या वागण्याबद्दल इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

इंडियानापोलिसचं निवेदन मी असं लिहून दिलं नसतं. "आयकॉन" शब्दाचा खुलासा करण्याऐवजी त्याने खेळाबद्दल बोलायला हवं होतं: ऑबर्नमध्ये चाल कशी कळवत, इथे कशी कळवतात, मला काय येत नाही आणि ते मी कोणाकडून शिकतोय. एप्रिलमध्ये टीव्हीवर जे उघडं पडलं, ते फेब्रुवारीत स्वतःच सांगितलं असतं तर ती कबुली झाली असती. आणि पत्रकारांना लिहायला खरा विषय मिळाला असता.

मालकांचा प्रश्न. मुलाखतीत त्यांनी विचारला हे एक वेळ बाजूला ठेवू. तो टीव्हीवर कौतुकाने सांगायला नको होता. त्यामुळे हंगाम सुरू व्हायच्या आधीच शहराला कळलं, की हा मुलगा आपल्याकडे अटी घालून आणलेला आहे. संघात कोणीतरी मालकांना हे सांगायला हवं होतं. पण तिथे कोण सांगणार?

सगळ्यात मोठी त्रुटी हरण्यातली. न्यूटनला हार सहन होत नसे. पहिल्याच वर्षी पराभवाच्या सामन्यांत तो डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसलेला दिसायचा, आणि कॅमेरे तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवायचे. हा आरोप खोट्या हसण्यासारखा हवेतला नव्हता. दहा पराभव पाहिलेल्या संघात इतरांनाही वाईट वाटत होतं, आणि क्वार्टरबॅक टॉवेलखाली गेला की बाकीच्यांनी बघायचं कोणाकडे? २० सप्टेंबर २०१२ ला जायंट्सने पँथर्सचा ३६-७ असा धुव्वा उडवला. न्यूटनला बदलून डेरेक अँडरसनला उतरवलं तेव्हा तो बाकावर खिन्न बसून राहिला. संघातला सगळ्यात ज्येष्ठ झेलकरी स्टीव्ह स्मिथ थेट त्याच्यापुढे उभा राहिला आणि त्याला झापलं: ऊठ, अँडरसनचा खेळ बघ, शिक. स्मिथने नंतर ते पत्रकारांनाही सांगितलं. त्याचं बरोबरच होतं. पण हे काम दुसऱ्या वर्षात एका चिडलेल्या सहकाऱ्यावर यावं, म्हणजे पहिल्या वर्षात ते कोणीच अंगावर घेतलं नव्हतं.

विजयाच्या बाजूला शूलांनी त्याला करायला एक गोष्ट दिली होती: चेंडू घे, कठड्याकडे जा, पोराला दे. पराभवाच्या बाजूला तसं काही ठरलेलं नव्हतं. टॉवेल नको, तोंड पाडू नकोस, अशी नकाराची यादी होती. मी तिथे असतो तर हरल्यानंतरच्या दहा मिनिटांची तालीम चाल बसवतात तशी बसवली असती. आधी समोरच्या क्वार्टरबॅकशी हात मिळवायचा, मग आपल्या संघातल्या ज्याच्याकडून चूक झाली त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, आणि पत्रकारांपुढे आपल्या एका फेकीबद्दल, नेमक्या एका, ती का चुकली ते सांगायचं. २१ व्या वर्षी हे शिकवता येतं. नवी भाषा काही महिन्यांत शिकलेल्या मुलाला हेही जमलं असतं, यात मला शंका नाही.

७ फेब्रुवारी २०१६. सँटा क्लारा, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. डेन्व्हर २४, कॅरोलायना १०. न्यूटन पत्रकारांसमोर आला तेव्हा डोक्यावर हुडी ओढलेली होती. एका-दोन शब्दांची उत्तरं. मधेच तो उठून निघून गेला, तीन मिनिटंही झाली नव्हती. त्या हंगामात फेकून ३५ आणि पळून १० टचडाउन केले होते त्याने. त्या रात्री त्याच्या नावावर एकही नव्हता, आणि मैदानावरून जाताना कुठल्या पोराच्या हातात ठेवायला चेंडूही नव्हता.